घागरीच्या मापाची अक्षरं

हुबळीच्या कमरीपेठेत मधुकर नेसरीकर कुठं राहतात असं विचारलंत, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. ते आडनाव महिन्यातून एकदा विजेच्या बिलावर उगवतं आणि बिल भरलं की मावळतं. विचारायचं असेल तर ‘मधुकर भांडीवाले’ असं विचारावं. मग कन्नडशिवाय अक्षर न बोलणारा पानपट्टीवालासुद्धा मान न उचलता बोट दाखवेल. त्या दिशेनं टर्रर्र असा आवाज येत असला, तर समजावं की मधुकरण्णा कुणाच्या तरी ताटावर नाव घालत आहेत.

नाव घालणं ही मधुकरण्णांची खरी विद्या. भांडी काय, कुणीही विकतं. पण घागरीच्या गोलाईवर ‘चि. सौ. कां. रेखा हिस मामाकडून सप्रेम भेट’ एवढी लांबलचक ओळ, गिऱ्हाईक म्हणेल तर मराठीत आणि म्हणेल तर कन्नडमध्ये, एकही अक्षर न घसरवता उतरवायची म्हणजे हात बसलेला लागतो. त्यांचा हात इतका बसला, की पुढं पुढं तो उठेचना. घरातल्या दिसेल त्या वस्तूवर नाव पडू लागलं. स्टूल, छत्रीची मूठ, कुलूप, त्या कुलपाची किल्ली. एकदा त्यांनी गॅसच्या सिलिंडरवर नाव घातलं. सिलिंडर रिकामा झाला आणि अर्थातच बदलून गेला. पुष्कळ दिवसांनी अळणावरहून चुलतभाऊ महादेवचा फोन आला, ‘‘मधू, तू आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलायस बघ. आत्ताच रिक्षातून उतरवून घेतलं तुला.’’

दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी स्नेहा. बायको मथुरा, स्नेहा तीन वर्षांची असताना काविळीनं गेली. तिचं नाव तेवढं भाताच्या पातेल्यावर, दुधाच्या झाकणावर आणि कुणीच न वापरलेल्या एका पितळी डब्यावर राहिलं. पातेलं घासून पालथं घालताना मधुकरण्णा ते नाव अंगठ्यानं एकदा चाचपायचे. घरात बोलायला माणसं दोन आणि वाचायला तीन, असा तो संसार.

अलीकडं दुकानातला टर्रर्र आवाज कमी झाला होता. लग्नात लोक पाकिटं द्यायला लागले, आणि पाकिटावर नाव घालायला मशीन लागत नाही. त्यामुळं मधुकरण्णा दिवसाचा मोठा भाग कळशांच्या उतरंडीसमोर बसून जिन्याकडं कान लावत. स्नेहा कॉलेजला उतरली की जिना एकदा वाजे, परत चढली की पुन्हा वाजे. या दोन आवाजांच्या मध्ये जो काही वेळ असतो त्याला ते ‘धंदा’ म्हणत.

असंच एकदा जिना वाजला आणि स्नेहा वर न जाता दुकानात आली.

‘‘अप्पा, मी अर्ज भरला.’’

‘‘बँकेचा?’’

‘‘अग्निवीरचा.’’

मधुकरण्णांनी मशीन बंद केलं. ‘‘आगीच्या बंबावर पोरींना घेतात काय?’’

‘‘बंब नव्हे हो! मिलिटरी. मिलिटरी पोलीस. त्यात मुलींना घेतात. कॉलेजात एन.सी.सी. कशाला केलं मग मी? ते बूट काय हौसेनं घालत होते?’’

मधुकरण्णांना खरोखर तसंच वाटत होतं. पोरीच्या जातीला एखादी हौस असावी, म्हणून ते दर आठवड्याला त्या बुटांना पॉलिशही करून देत. आतून त्यांनी बेत असा केला होता, की पोरगी शिकेल, बँकेत लागेल, आणि तिला जावई असा बघायचा की त्याच्या घरी आपल्या मशीनचा आवाज ऐकू गेला पाहिजे. म्हणजे कमरीपेठ, फार तर पुढची गल्ली.

‘‘किती दिवसांचं असतं ते?’’

‘‘चार वर्षं. मग त्यातल्या काहींना पुढं ठेवून घेतात.’’

‘‘ठेवून घेतात,’’ मधुकरण्णा म्हणाले आणि हातातल्या ताटाकडं बघत बसले. ते ताट कुणा उमेशचं होतं. त्या दिवशी तो ‘उमे’ एवढाच राहिला.

मिलिटरीत जायचं म्हणजे आधी मिलिटरीत जाण्यासाठी पळायला लागतं, हे ज्ञान मधुकरण्णांना पुढच्या आठवड्यात झालं. नवनगरात परशुराम नावाचे एक निवृत्त हवालदार मुलींची तयारी करून घेत. गावाकडून आलेल्या पाचसहा पोरी आणि त्यांत कमरीपेठेची ही एक. सकाळी पहिल्या चिगरी बसनं बापलेक नवनगरला जात. खरं तर स्नेहा एकटी गेली असती. पण मधुकरण्णांनी थर्मास विकत घेतला, त्यावर नाव घातलं, आणि मग थर्मास नेणारं कुणी तरी हवं म्हणून ते निघाले.

मैदानाच्या कडेला सिमेंटचा एक बाक होता. त्यावर ते, थर्मास आणि स्नेहाचा स्वेटर असे तिघं बसत. परशुराम हवालदारांनी त्यांच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ दिलं होतं, ‘‘तुमची पोरगी रेषेवर आली की दाबा, एवढंच काम.’’ तेवढंच जमत नसे. स्नेहा पळायला लागली की मधुकरण्णा तिच्याकडं बघत बसत. मैदानाच्या त्या टोकाला ती वाटीएवढी दिसे, मग वळून मोठी मोठी होत येई, तांब्याएवढी, कळशीएवढी, आणि समोरून धापा टाकत निघून गेली तरी घड्याळ यांच्या मांडीवर तसंच.

‘‘एन्री मधुकरण्णा! दाबलं काय?’’

‘‘दाबतो की.’’

‘‘आता दाबून काय उपयोग? ती चहा पिऊन ऱ्हायलीय!’’

पोरी खदाखदा हसत. मधुकरण्णाही हसत. पण बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं, की दर फेरीत पोरगी त्यांच्यापाशी येते ती थांबायला नव्हे.

एकदा परशुराम हवालदारांनी सगळ्या पोरींना रांगेत उभं केलं. वैद्यकीय तपासणीत काय काय बघतात ते सांगून झालं. दात, कान, डोळे, तळवे. ‘‘आता बाह्या वर! गोंदण कुणाकुणाच्या अंगावर आहे?’’

स्नेहा हलली नाही. ती कायम मनगटापर्यंतच्या बाह्यांत असे. पळतानासुद्धा. मधुकरण्णांना ते पोरीचं वळण वाटे आणि चारचौघांत ते कौतुकानं सांगतही.

‘‘ए कमरीपेठ! वेगळं सांगायचं काय तुला?’’

तिनं डावी बाही वर केली. हवालदारांनी हात पुढं ओढून, दुकानाची पाटी वाचावी तसं मोठ्यानं वाचलं, ‘‘मधुकर... भांडीवाले... कमरीपेठ... हुबळी.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘ही पोरगी आहे का पार्सल?’’

यावेळी पोरी हसल्या तेव्हा मधुकरण्णा हसले नाहीत.

ते काम त्यांचंच होतं. स्नेहा पाच वर्षांची असताना ते तिला सिद्धारूढ मठाच्या जत्रेला घेऊन गेले होते. रथ ओढायच्या वेळी गर्दी लोटली आणि हातातला हात सुटला. मधुकरण्णा वेड्यासारखे फिरले. फुगेवाल्यांना विचारलं, बत्ताशेवाल्यांना विचारलं, कुणाच्याही पोरीचा चेहरा वळवून बघितला आणि शिव्या खाल्ल्या. शेवटी मठाच्या कर्ण्यावर कन्नडमध्ये घोषणा ऐकू आली. मधुकर भांडीवाले नावाचे गृहस्थ हरवले आहेत. त्यांची मुलगी पोलिसांच्या मंडपात त्यांची वाट बघत आहे.

पोरगी मंडपात खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होती. पोलिसांना तिनं ठणकावून सांगितलं होतं, की मी इथंच आहे, आमचा अप्पा हरवलाय, त्याला शोधा. मधुकरण्णा तिला छातीशी धरून हमसाहमशी रडायला लागले तेव्हा तिनं त्यांच्या गालावर खारट हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘अळब्याड अप्पा. रडू नका. सापडलात की.’’

आता एखादा माणूस पोरीला घेऊन घरी गेला असता. पण हा माणूस भांडीवाला. हरवू नये अशा वस्तूवर काय करायचं हे त्याला एकच ठाऊक. मंडपाबाहेर गोंदणारा बसला होता. त्याला मराठी लिहिता येईना, म्हणून मधुकरण्णांनी त्याचं पेन घेतलं आणि पोरीच्या हातावर आतल्या बाजूनं स्वतःच आखून दिलं. पण हाताला सवय घागरीची. अक्षरं आली घागरीच्या मापाची, आणि हात तर वाटीच्या मापाचा. मनगटापासून निघालेली ओळ कोपराच्या घडीपर्यंत आली तरी ‘कमरीपेठ’च चाललं होतं. हुबळी घडीच्या पलीकडं गेली. गोंदणारा म्हणाला, ‘‘साक्री, पुरे की! नकाशा काढताय काय?’’ पण मधुकरण्णांना वाटलं, गावाशिवाय पत्ता कसला?

परशुराम हवालदारांनी स्नेहाचा हात दुमडून पाहिला, सरळ करून पाहिला. घडीवर बोट ठेवलं.

‘‘बघा मधुकरण्णा, कायदा सरळ आहे. आतल्या बाजूला, मनगटापासून इथपर्यंत गोंदलेलं चालतं. तुमचं नाव चालतं. दुकान चालतं. कमरीपेठसुद्धा शेवटच्या काठावर का होईना बसली. पण ही हुबळी घडीच्या वर आहे. ती चालत नाही. तपासणीत परत पाठवतील.’’

‘‘एका शब्दासाठी?’’

‘‘शब्द तुमचा, नियम त्यांचा. हुबळी काढायला लागणार.’’

परतीच्या बसमध्ये स्नेहा खिडकीकडं बघत बसली. मधुकरण्णांनी विचारलं, ‘‘बाही कधीपासून खाली ठेवतेस तू?’’

‘‘दुसरीपासून. वर्गात मला ‘घागर’ म्हणायचे.’’

‘‘सांगितलं नाहीस कधी.’’

‘‘काय सांगायचं? तुम्हाला केवढा अभिमान होता त्याचा. पाहुणे आले की दाखवायला लावत होतात.’’

अमरगोळच्या बाजारासमोर बसमध्ये मिरच्यांचा खाट भरला आणि सगळे शिंकायला लागले. मधुकरण्णांना ते बरं वाटलं. डोळे पुसायला कारण मिळालं.

पण माणसाचं मन मोठं बेरकी. दुपारपर्यंत त्याच डोळ्यांना निराळंच दिसायला लागलं. पोरीला घेणार नाहीत, असं त्यांच्या मनात कुणी तरी हळूच म्हणालं, आणि पाठोपाठ सगळं अंग हलकं झालं. त्यांनी उमेशचं ताट पुरं केलं. शेजारच्या कापडवाल्याला आपणहून हाक मारून चहा पाजला. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून स्नेहाला आवडतं म्हणून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरची भजी बांधून आणली, आणि जिना चढताना शीळ घातली. त्या जिन्यानं त्यांची शीळ मथुरा गेल्यापासून ऐकली नव्हती.

स्नेहानं पुडा उघडला. भज्यांकडं बघितलं, मग बापाकडं.

‘‘आज काय आहे अप्पा?’’

‘‘कुठं काय? सहज.’’

‘‘सहज,’’ ती म्हणाली. ‘‘माझं अडलं म्हणून मिरची होय?’’

मधुकरण्णांना ठसका लागला, आणि त्यांनी अजून भजं तोंडात घातलंही नव्हतं. स्नेहानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. तिनं बाही वर केली आणि हात त्यांच्यासमोर ताटाच्या शेजारी ठेवला.

‘‘जुनं भांडं मोडीत आलं की त्यावरचं नाव तुम्ही काढता की नाही?’’

‘‘काढतो. चाकावर धरून.’’

‘‘मग?’’

‘‘तिथं पत्रा पातळ होतो गं,’’ मधुकरण्णा म्हणाले. ‘‘दिसत नाही. पण बोटाला कळतं.’’

कातडीच्या डॉक्टरांकडं चौकशी करायला ते एकटेच गेले. स्नेहाची परीक्षा जवळ आली होती. मिलिटरीची पहिली पायरी म्हणजे संगणकावरचा पेपर, आणि त्यासाठी ती पुस्तकात डोकं घालून बसली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘लेसरनं जाईल. जुनं जत्रेतलं काम आहे, शाई फार खोल नसेल. मध्ये अंतर ठेवून चारेक वेळा यावं लागेल. फिकट डाग राहील, अक्षर राहणार नाही.’’

‘‘भरतीच्या आधी होईल?’’

‘‘कधी आहे?’’

‘‘दिवाळीनंतर.’’

‘‘मग आरामात.’’

आरामात हा शब्द एवढा टोचणारा असेल असं मधुकरण्णांना कधी वाटलं नव्हतं. दवाखान्यातून पायी निघाले ते मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं. ‘होत नाही म्हणाल्या.’ तीनच शब्द. कुणाचं त्यात काही वाकडं होत नव्हतं. पोरगी दोन दिवस हिरमुसेल, मग बँकेचा अर्ज भरेल. जिना वाजत राहील. त्यांनी ते वाक्य म्हणून बघितलं, आधी मनात, मग ओठांत. एका म्हशीपाशी थांबून तिलाही म्हणून दाखवलं. म्हशीनं कान हलवले. जमतंय असं त्यांना वाटलं.

घरी स्नेहा दारातच उभी होती.

‘‘डॉक्टरीणबाई म्हणाल्या...’’ मधुकरण्णांनी चपला काढत सुरुवात केली आणि पट्ट्याशी उगाच खटपट करत राहिले.

त्या वाकलेल्या पाठीकडं बघून स्नेहाला जे वाटायचं ते वाटलं.

‘‘नाही म्हणाल्या ना? मला माहीत होतं.’’ तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ‘‘होगली बिड्री अप्पा. जाऊ दे. तोंड कशाला एवढं करता? मी इथंच राहते की. नाही तरी मी गेल्यावर तुमच्या जेवणाचं काय होणार होतं? तुम्हाला भाकरी येत नाही. भात येतो तो करपतो.’’ आणि त्यांच्या गालाला हात लावून म्हणाली, ‘‘बसा. पाणी देते.’’

हात खारट नव्हता, एवढाच काय तो फरक. बाकी तोच मंडप, तीच खुर्ची, तीच पोरगी. हरवलेल्या माणसाची समजूत घालत उभी.

तीन शब्दांचं वाक्य घशापर्यंत आलेलं होतं. म्हटलंसुद्धा नव्हतं, तिनंच त्यांच्या वतीनं म्हणून टाकलं होतं. मधुकरण्णांना फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा तर त्यांना केवढा सराव.

‘‘होतंय म्हणाल्या,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘होतंय. चार वेळा जायला लागेल. दिवाळीच्या आत आरामात होतंय म्हणाल्या.’’

स्नेहानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं एवढ्या जोरानं किंकाळी फोडली, की खाली कापडवाल्याच्या हातून कापड भलतीकडंच फाटलं.

पहिल्यांदा लेसर मारताना मधुकरण्णांनाही काळा चष्मा देऊन आत बसवलं. टक् टक् टक् आवाज आला, थोडा त्यांच्या मशीनसारखाच, पण उलटं काम करणारा. स्नेहानं दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला होता. धीर कोण कुणाला देत होतं ते डॉक्टरीणबाईंना समजलं असावं, कारण त्या मधूनमधून ‘‘दुखतंय का?’’ असं मधुकरण्णांना विचारत होत्या.

हुबळी एकदम गेली नाही. पहिल्या खेपेनंतर ती नुसती उन्हात ठेवलेल्या पाटीसारखी विटली. मग ‘ब’ गेला. मग ‘ळी’. ‘ह’चा उकार मात्र भारी चिवट निघाला; सगळं गाव उठून गेलं तरी तो वळून बसलेला होता. चौथ्या खेपेला तोही गेला आणि तिथं पांढुरका, मऊ डाग राहिला. मधुकरण्णांनी एकदा हलकेच बोट लावून बघितलं.

तोवर कागदांची जुळवाजुळव सुरू झाली. वागणूक चांगली असल्याचा दाखला, राहण्याचा दाखला, आणि लग्न न झाल्याचा दाखला. शेवटच्या दाखल्यासाठी बापलेक कचेरीत गेले तेव्हा तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून स्नेहाकडं, मग मधुकरण्णांकडं बघितलं आणि मधुकरण्णांनाच विचारलं, ‘‘लग्न झालेलं नाही, नक्की?’’

‘‘झालं होतं,’’ मधुकरण्णा भांबावून म्हणाले. ‘‘ती गेली.’’

‘‘तुमचं नव्हे हो, हिचं!’’

रांगेतले सगळे हसले. स्नेहा हसली नाही. तिनं बापाची कोपराशी बाही धरली आणि दाखला हातात पडेपर्यंत सोडली नाही.

पेपरात ती पास झाली. भरती बेंगळूरला होती. मधुकरण्णा बरोबर गेले, पण पालकांना फाटकाच्या आत सोडत नव्हते. बाहेर रस्त्याच्या कडेला बापांची एक ओळच बसली होती, ठिकठिकाणच्या गावांची, प्रत्येकाच्या मांडीवर पोरीचा स्वेटर. कुणाला कुणाची भाषा येत होती, कुणाला नव्हती. पण सगळे एकाच बाजूला बघत होते, त्यामुळं बोलायची फार गरजही पडत नव्हती. आत कर्ण्यावर नंबर पुकारत होते. मधुकरण्णा प्रत्येक घोषणेला अर्धवट उठत. पोरीचा नंबर त्यांना पाठ होता, पण का कोण जाणे, ते कान देत होते ते स्वतःच्या नावाकडं.

ऊन कलल्यावर स्नेहा बाहेर आली. बाह्या दोन्ही वर केलेल्या होत्या. हातावर बापाचं नाव, दुकान आणि कमरीपेठ, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी.

‘‘पळण्यात पहिल्या गटात आले,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तपासणीत त्या बाईंनी हात बघितला. विचारलं, हे कोण? म्हटलं, माझे वडील. म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे.’’

मधुकरण्णांनी थर्मासचं झाकण उघडलं. चहा सकाळीच संपला होता. त्यांनी ते पुन्हा नीट लावलं.

बोलावणं आलं तेव्हा पेठेनं त्यांच्या दुकानासमोर फटाके उडवले. पानपट्टीवाल्यानं हार आणला. तो स्नेहाला घालायचा सोडून गडबडीत मधुकरण्णांच्याच गळ्यात घातला आणि त्यांचा फोटोही काढला. बरोबर न्यायच्या सामानात एक स्टीलचं ताट आणि पेला होता. मधुकरण्णांनी दुकानातलं सगळ्यात जाड ताट निवडलं, पुसलं, मशीनखाली धरलं आणि विचारलं, ‘‘काय घालू? नुसतं नाव, की पत्ता पण?’’

‘‘काही नको अप्पा.’’

‘‘काही नको म्हणजे?’’

‘‘तिथं प्रत्येकीला नंबर मिळणार. तोच घालायचा सगळ्यावर. तो अजून मिळाला नाही.’’

मधुकरण्णांनी मशीनच्या बटणावरचं बोट उचललं. मग त्यांनी ताट पुन्हा पुसलं, दोन्ही बाजूंनी, आणि कागदात गुंडाळून तिच्या ट्रंकेत ठेवलं. त्या घरातून बिननावाचं बाहेर पडलेलं ते पहिलं भांडं.

परशुराम हवालदारांकडं तयारी करणारी अळणावरकडची पूजा नावाची पोरगीही निवडली गेली होती. दोघी मिळून दुपारच्या गाडीनं बेंगळूरला ट्रेनिंगला जाणार होत्या. ‘‘तुम्ही येऊ नका अप्पा,’’ स्नेहानं बजावलं होतं. ‘‘बेंगळूरहून परत एकटं यायला लागेल तुम्हाला. एवढ्या लांबून. ते मला नको.’’ म्हणून मधुकरण्णा फक्त स्टेशनापर्यंत गेले.

आता हुबळीच्या स्टेशनाचा फलाट केवढा लांब आहे हे हुबळीची माणसं पाहुण्यांना असं सांगतात, जसा काही तो त्यांनी स्वतः अंथरलाय. मधुकरण्णाही सांगत आले होते. त्या दिवशी दोघींचा डबा पार पुढं आला. ट्रंक उचलून चालता चालता पूजा म्हणाली, ‘‘काका, गाडीची काय गरज? आपण चालत बेंगळूरला पोचतोय.’’ सगळे हसले. डब्यात सामान लागलं. स्नेहानं खिडकीतून हात बाहेर काढला, बाही वर केलेला, आणि गाडी हलली तशी मधुकरण्णा त्या हाताबरोबर चालू लागले. आधी चालत, मग भराभर. फलाट लांब असल्याचा तेवढा उपयोग झाला. शेवटी तोही संपला. हात वाटीएवढा झाला, मग दिसेना.

मधुकरण्णा वळले. समोर सगळा फलाट रिकामा पडला होता. हमाल पांगले होते. एक कुत्रं बाकाखाली अंग चोरून झोपलं होतं. कर्णा खरखरला आणि मधुकरण्णा पाऊल उचललेलं तसंच ठेवून थांबले. या स्टेशनालाही आता सिद्धारूढांचंच नाव आहे. बाई आधी कन्नडमध्ये बोलली, मग हिंदीत, मग इंग्रजीत. कुठली तरी गाडी उशिरा येणार होती. तिन्ही भाषांत तेवढंच. कोणी गृहस्थ हरवल्याचं तिनं एकाही भाषेत सांगितलं नाही.

ते चालायला लागले. थर्मास रिकामा असूनही जड लागत होता. त्यांनी तो या हातातून त्या हातात घेतला, आणि सवयीनं अंगठा स्वतःच्याच नावावरून फिरवला.

खिशात फोन वाजला.

‘‘अप्पा, घरी पोचलात?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘मग आहात कुठं?’’

‘‘फलाटावरच.’’

‘‘अजून? आमचं कुंदगोळ गेलं की हो!’’

मधुकरण्णांनी पुढं बघितलं. बाहेर पडायचा जिना कुठंच दिसत नव्हता.

‘‘लांब आहे गं,’’ ते म्हणाले.